ठकीच्या डोक्याचे चार भाग

८ जानेवारी

ती. आईंना नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की ठकी उठते, म्हणून पत्र. तुमचा मुलगा म्हणाला, "आईला लिही, ती छापलेलं आणि लिहिलेलं काहीही दोनदा वाचते."

ठकीला परवा तीन महिने पूर्ण झाले. गाल भरलेत, आवाज तर विचारू नका. फक्त डोक्यावर पिवळट खपल्या धरल्या आहेत. टाळूपासून मागेपर्यंत, जुन्या भिंतीचा रंग सुटावा तशा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "क्रेडल कॅप आहे. पुष्कळ बाळांना होतं, आपलं आपण जातं. दुखत नाही, खाजत नाही, लागणही होत नाही." मी निर्धास्त झाले होते.

पण मला दोन मार्चला कामावर हजर व्हायचं आहे. काल ठकीचं नाव घालायला पाळणाघरात गेले. तिथल्या ताईंनी टोपी काढून बघितलं आणि दोन पावलं मागेच सरकल्या. "अहो, हे आधी साफ करून आणा. बाकीच्या मुलांना लागलं तर त्यांच्या आया मला धारेवर धरतील." मी सांगून पाहिलं, पण त्यांनी टोपी परत घातली ती पार नाकापर्यंत ओढून. आमच्या भागात दुसरं पाळणाघर नाही. रजा वाढवून मिळणार नाही. म्हणजे दोन मार्चच्या आत हे डोकं दाखवण्याजोगं झालं पाहिजे.

घरात चार बाटल्या जमल्या आहेत. एक शेजारणीने दिली, एक माझ्या आईने पाठवली, एक तुमच्या मुलाने आणली आणि एक मी घेतली. प्रत्येक जण सांगतो, आमचीच वापर. नावं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत. बाबांची तीस वर्षं औषधांच्या दुकानात गेली, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. कुठली वापरू?

तुमची सून

•

१४ जानेवारी

सूनबाई,

तुला आशीर्वाद आणि ठकीला दोन्ही गालांवर पापे.

मला कळतं असं म्हणू नकोस. कळायचं ते ह्यांना. माझी शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन मी ह्यांनी दुकानातून आणलेल्या घडीच्या कागदांवर शिकले, खोक्यात औषधाबरोबर येतात ते. हे जेवायला बसले की मी वाचायची, "रिकाम्या पोटी घेऊ नये," आणि हे म्हणायचे, "बरोबर, वाढ आता." त्यामुळे माझी एक खोड पक्की झाली आहे. बाटलीची पुढची बाजू मी वाचतच नाही. पुढे जे लिहितात ते विकायला, मागे लिहितात ते नाइलाजाने.

तर तुझी यादी घेऊन दुकानात गेले. आता मालकांचा मुलगा बसतो, त्याने मला स्टूल दिलं आणि चारही बाटल्या समोर मांडल्या. भिंग घरून नेलं होतं. गिऱ्हाइकं माझ्याकडे तपासनीस आल्यासारखी बघत होती.

शेजारणीचा लिंबाच्या वासाचा शाम्पू. पुढे गुटगुटीत बाळ हसतंय. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलंय, दोन वर्षांवरील मुलांसाठी. मग ते बाळ कशाला हसतंय कोण जाणे. हा नको.

तुझ्या नवऱ्याने आणलेली बाटली मोठ्या माणसांच्या कोंड्याची आहे. "डोळ्यांत गेल्यास त्वरित धुवा, लहान मुलांपासून दूर ठेवा." आणि त्याने ती लहान मुलाच्याच डोक्यासाठी आणली! बापाचा मुलगा शोभत नाही. ती त्यालाच वापरू दे.

तुझ्या आईने पाठवलेलं तेल. हे जपून लिहिते, कारण विहीणबाई मनाने फार चांगल्या आहेत. त्या तेलात सतरा वस्तू आहेत, त्यातल्या सहा नुसत्या वासाच्या. तीन महिन्यांच्या जीवाला सहा वास कशाला? कपाटात ठेव, आणि विचारलंच तर "पुरवून वापरते" म्हण.

तू घेतलेला बिनवासाचा, बाळांचा साधा शाम्पू, तो बरा. यादी आखूड आहे आणि जन्मापासून चालेल असं स्पष्ट छापलंय. थोडासाच घे, बोटांच्या पोटांनी चोळ, मऊ ब्रशने हलकेच फिरव, पाणी भरपूर. नखाने एकही खपली उचलायची नाही. चारातली ही एकच. डॉक्टरबाईंना मात्र विचारून घे, मी कागद वाचणारी आहे, डॉक्टर नाही.

आता माझं एक विचारते. ठकी झाल्यावर मी पाच आठवडे तिथे होते आणि रोज तिच्या डोक्याला तेल लावत होते. हे त्या तेलानं झालं का? खरं काय ते सांग, मला वाईट वाटणार नाही. (वाटलं तरी बघून घेईन.)

आणि गरज असेल तर मी येईन. पत्रात फक्त "गरज आहे" एवढे दोन शब्द लिही, बाकी काही नको.

आई

•

२३ जानेवारी

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र आम्ही मोठ्याने वाचलं. तुमच्या मुलाने ती कोंड्याची बाटली खाली मान घालून न्हाणीघरात स्वतःच्या फळीवर ठेवली. "बापाचा मुलगा शोभत नाही" हे वाक्य मी त्याच्याकडून परत एकदा वाचून घेतलं.

पण आई, पत्र यायला थोडा उशीर झाला. माझी चाचणी सुरू झाली होती.

तुम्हाला ठाऊकच आहे, रंगाच्या कारखान्यात माझं काम काय ते. नवा रंग आला की पत्र्याचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर चिकटपट्टीने चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात वेगळा रंग द्यायचा आणि एक चौकोन कोरा सोडायचा. तो तुकडा गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि रोज नोंद करायची. कोरा चौकोन नसेल तर आमचे साहेब तुकडा तपासायलाही घेत नाहीत. रंगाने काय केलं हे कळायला, काहीच केलं नसतं तर काय झालं असतं ते दिसावं लागतं.

म्हणून मी ठकीच्या डोक्याचे चार भाग पाडले. पुढे उजवीकडे लिंबाचा शाम्पू, पुढे डावीकडे माझ्या आईचं तेल, मागे उजवीकडे माझा बिनवासाचा आणि मागे डावीकडे कोरा, म्हणजे नुसतं कोमट पाणी. कोंड्याची बाटली मीच आधी बाजूला ठेवली होती. भिंतीवर तक्ता लावला आहे. तारीख, रंग, जाडी, सुटलेल्या खपल्या. तुमचा मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, "अगं, ही आपली मुलगी आहे." मी म्हटलं, "म्हणूनच नीट चाललंय." आता तोही सकाळी तक्त्यासमोर चहा घेऊन उभा राहतो आणि कोऱ्या भागाची बाजू घेतो.

तुम्ही तीन बाटल्या बाद केल्या हे पटलं, पण चाचणी मध्येच मोडली तर कशाचाच पत्ता लागत नाही. पंधरा दिवस पुरे करते. दोन मार्चला अजून वेळ आहे.

तेलाचं मग बोलू. ठकी उठली.

तुमची सून

•

२८ जानेवारी

सूनबाई,

पोरीचं डोकं म्हणजे पत्रा नाही. आधी तो तक्ता भिंतीवरून काढ.

अगं शहाणे, पत्र्याला तू चिकटपट्टी लावतेस. इथे काय लावलंस? शाम्पू पुढून मागे ओघळतो, तेल उशीला लागतं, उशीचं परत डोक्याला लागतं आणि ठकी काही गच्चीवर गप्प पडून राहत नाही. तुझे चारही चौकोन एकमेकांत कधीच मिसळले असणार. आणि "दोन वर्षांवरील" असं छापलेलं मी तुला भिंगातून वाचून कळवलं ते कशासाठी? लिंबाचा आजच बंद कर. तुझ्या साहेबांना माझं नाव सांग.

माणसाला एकदम चार बाजूंनी औषध करू नये, हे मी स्वतःवरून सांगते. हे गेले तेव्हा मला प्रत्येकाने एकेक उपाय दिला. कुणी म्हणालं गावाला जा, कुणी म्हणालं घर बदल, कुणी म्हणालं यांचे कपडे देऊन टाक, कुणी म्हणालं मुळीच देऊ नकोस. मी सगळ्यांचं थोडं थोडं केलं आणि नुसती दमले. मग एक दिवस सगळं सोडून दिलं. सकाळी उठायचं, चार पानं वाचायची, जेवायचं, शिवायला आलेल्या कपड्यांना टाके घालायचे, परत चार पानं. दोन वर्षं होतील आता. गेलेलं माणूस गेलेलंच आहे, पण माझे टाके सरळ पडतात. तेवढं मला पुरतं.

तेलाचं तू "मग बोलू" म्हणालीस. मी समजले. काही बोलायला नको. गरजेबद्दलही तू काही लिहिलं नाहीस, तेही समजले. मी येत नाही, तू मनावर ताण घेऊ नकोस.

लिंबाचा बंद केल्याचं मात्र कळव. त्यात मानापमान नाही.

आई

•

१२ फेब्रुवारी

ती. आई,

लिंबाचा बंद केला. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच करावा लागला, कारण पुढची उजवी बाजू लालभडक झाली. तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं, लाली ओघळत कानापर्यंत आली होती. मी ठकीला घेऊन धावत डॉक्टरबाईंकडे गेले. घाईत तक्ताही बरोबर घेतला.

त्यांनी डोकं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "इथे लाल, इथे तेलकट, इथे बरं, आणि मागे डावीकडे सगळ्यात छान. हा काय प्रकार आहे?" मी तक्ता पुढे केला. आई, त्या आधी रागावल्या आणि मग इतक्या हसल्या की बाहेर बसलेले लोक डोकावून गेले. "पंधरा वर्षांत कोरा भाग सोडणारी आई पहिल्यांदा भेटली," म्हणाल्या. "पण बाळावर नाही करायचं हे. सगळं बंद. अंघोळीच्या आधी दहा मिनिटं थोडं साधं, बिनवासाचं तेल, मग तो बिनवासाचा शाम्पू, मग सगळं धुवून काढायचं. मऊ ब्रश. बाकी तिचं डोकं तिला करू दे." आणि लाली पसरली किंवा ओल आली तर लगेच दाखवायला सांगितलं. तशी वेळ आली नाही, चार दिवसांत ती उतरली.

म्हणजे भिंगातून तुम्ही निवडलीत तीच बाटली त्यांनीही निवडली. हे मी तुमच्या मुलाला सांगितलं नाही, तो उगाच मिरवेल.

आता तेलाचं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, तेल लावता का? मी हो म्हटलं. "लावून ठेवता की धुता?" त्यावर मी ठकीची टोपी नीट करत बसले. आई, तुम्ही तेल लावायचात आणि ठकीला न्हाऊ घालताना शेवटचा थेंबही काढायचात. मी बाजूला बसून बघत होते. तुम्ही गेल्यावर मी लावायचे तेवढं लक्षात ठेवलं. धुवायच्या वेळेपर्यंत मी इतकी दमलेली असायचे की उद्या धुऊ म्हणायचे आणि उद्या त्यावर पुन्हा लावायचे. खपल्या तेलाने होत नाहीत, त्या आपल्या आपण होतात, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. पण डोक्यावर राहिलेल्या तेलाने त्या जाड झाल्या, आणि ते तेल माझ्या हातचं होतं. तुम्ही सरळ विचारलंत आणि मला लाज वाटली, म्हणून ठकीला उठवलं. ती तेव्हा गाढ झोपलेली होती.

तुम्ही "समजले" असं लिहिलंत ते चुकीचं समजलात. कृपा करून परत नीट समजा.

डोकं निम्मं साफ झालं आहे. निम्मं बाकी आहे, आणि हातात दोन आठवडे.

तुमची सून

•

१७ फेब्रुवारी

सूनबाई,

परत नीट समजले. पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि एकटीच हसत होते, इतकं की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली काय झालं म्हणून. मी म्हटलं, "माझ्या सुनेने झोपलेलं मूल उठवलं, कागदावर." तिला काही कळलं नाही. बरं झालं.

दमलेल्या बाईने तेल धुतलं नाही यात लाजायचं काय? तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी एकदा दमून त्याला उलटं अंगडं घातलं आणि तसंच कडेवर घेऊन ह्यांच्या दुकानात गेले. हे सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "आत बाहेर सारखंच आहे आपलं पोर." हे त्याला वाचून दाखव.

आता पाळणाघराचं. डोकं दोन मार्चपर्यंत साफ होईलच असं मनात धरू नकोस. ते त्याच्या चालीने होईल. बदलायला हवंय ते त्या ताईंचं मत. तू त्यांना तोंडाने सांगितलंस की लागण होत नाही. तोंडी कोण ऐकतं? त्यांच्यापुढे वीस आया उभ्या असतात, त्यांना दाखवायला काहीतरी हवं. डॉक्टरबाईंकडून दोन ओळी लिहून घे, सही आणि शिक्का. "हे संसर्गजन्य नाही, बाळाला इतर मुलांबरोबर ठेवण्यास हरकत नाही." एवढंच. आणि तो कागद देताना भांडायला गेल्यासारखी जाऊ नकोस, त्यांची बाजू सोपी करायला आलेय अशी जा.

त्यांनी कागद मानला तर उत्तम. नाही मानला तर मी आहे. पिशवी भरायला मला एक तास लागतो. यावेळी मात्र सरळ उत्तर दे. गरज आहे की नाही?

आई

•

२६ फेब्रुवारी

ती. आई,

कागद मानला.

तुम्ही सांगितलंत तशीच गेले. "ताई, तुम्हाला कुणी विचारलं तर दाखवायला हे आणलंय," असं म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, शिक्का बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "अहो, तेव्हाच नाही का आणायचा? मला काय हौस आहे मूल परत पाठवायची? गेल्या वर्षी खरूज आली होती, पंधरा दिवस दार बंद होतं माझं." मग त्यांनी ठकीची टोपी काढली, यावेळी मागे सरकल्या नाहीत, उलट मागच्या डाव्या बाजूवर हात फिरवून म्हणाल्या, "इथे तर मखमल आहे." ठकीने त्यांची साखळी पकडली ती सोडेना. झालं, नाव घातलं. सोमवारपासून ती तिकडे, मी कामावर. तो कागद त्यांनी आल्यागेल्याला दिसेल असा दारातच लावला आहे.

पुढे थोड्या खपल्या आहेत अजून. असू देत.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. गरज नाही.

दचकू नका, पुढे वाचा. जानेवारीत गरज होती. पाळणाघराने नाही म्हटलं त्या दिवशी मला पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. पण लिहिवेना. तुम्ही मागच्या वेळी पाच आठवडे आलात ते माझ्या बाळंतपणासाठी. त्याआधी आलात ते आम्ही घर बदललं तेव्हा, सामान लावायला. बाबा गेल्यापासून तुम्ही कुठेच कामाशिवाय गेला नाहीत, हे तुमच्या मुलाच्या कदाचित लक्षात आलं नसेल, माझ्या आलंय. इथे तुम्ही पाहुण्यासारख्या एकदाही बसला नाहीत. ओट्यापाशी उभ्या, नाहीतर बादलीपाशी वाकलेल्या. आणि काम संपलं त्याच दिवशी पिशवी भरलीत. परत तसंच बोलावायचं माझ्या जिवावर आलं.

आता ठकीची सोय झाली आहे. घर लागलेलं आहे. तुमच्यासाठी इथे काहीही काम शिल्लक नाही, मी शोधूनही पाहिलं. म्हणून आता बोलावते आहे. या. तुमची पुस्तकं आणा, खिडकीपाशी आरामखुर्ची ठेवली आहे. आम्ही दिवसभर नसू, संध्याकाळी येऊन तुम्हाला त्रास देऊ.

तुमची सून

•

४ मार्च

सूनबाई,

पहिला दिवस कसा गेला? तू रडलीस की ठकी? मला वाटतं, तुझा नवरा.

तुझं पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. कुणी मला इतक्या ठामपणे "गरज नाही" असं पहिल्यांदाच कळवलंय. आधी राग आला. मग मनात मोजत बसले, हे गेल्यापासून मी कुठे कुठे गेले आणि कशासाठी. तुझं बरोबर आहे. दरवेळी हातात काहीतरी करायचं घेऊनच गेले. रिकाम्या हाताने गेलं तर लोक विचारतील, आणि मग ह्यांच्याविषयी बोलावं लागेल, असं वाटायचं बहुतेक.

मी येते. पुढच्या बुधवारी दुपारच्या गाडीने. तीन पुस्तकं घेतली आहेत, एक जाड. पहिल्या दिवशी मी खुर्चीतच बसेन, असा शब्द देते. दुसऱ्या दिवसाचा देत नाही. ठकीच्या डोक्याला हात लावीन, पण धुणार तूच. मी नुसती बघत बसेन.

आज सकाळी तिकीट काढायला रांगेत उभी होते. पुढे एक अनोळखी बाई होत्या, गप्पिष्ट. कुठे चाललात म्हणाल्या. मुलाकडे, म्हटलं.

"काही कार्य आहे का?"

"नाही."

"आजारी आहे का कुणी?"

"नाही हो."

"मग?"

खिडकीतला माणूस मला पुढे बोलवत होता, मागचे लोक सरकत होते आणि त्या बाई आपलं तिकीट घेऊन वळून उभ्याच. शेवटी मी म्हटलं, "सहज चाललेय."

म्हटल्यावर बरं वाटलं. म्हणून तिकीट देणाऱ्यालाही सांगितलं.

आई